वरच्या मजल्यावरची डावी बाजू

दि. ९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईला आज सकाळच्या गाडीत बसवून दिलं. उद्या दुपारपर्यंत पोचेल. तिला गुडघ्यांना तेल लावायला सांग, माझं काही ऐकत नाही.

तिचे आठ दिवस इथे कसे गेले ते विचारूच नकोस. नेमके नाटकवाल्यांचे चाळीस पोशाख शिवायला आलेले, सुट्टी मागायची सोय नव्हती. शेवटच्या दिवशी मलाच वाईट वाटलं, म्हणून शहर दाखवणाऱ्या लाल दुमजली बसचं तिकीट काढून दिलं. एकच तिकीट दिवसभर चालतं. वाटेल तिथे उतरायचं, बाग, कारंजं, संग्रहालय बघायचं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढायचं. अकराही थांबे मी कागदावर लिहून दिले. आणि आपल्या मातोश्रींनी काय करावं? दहा वाजता वरच्या मजल्यावर जाऊन बसल्या, त्या थेट पाचला उतरल्या! त्याच त्या चार फेऱ्या. कारंजं लांबूनच.

मी फार बोलले रे तिला, रांगेतल्या लोकांसमोर. ती नुसती हसली, म्हणाली जागा छान मिळाली होती, सोडवेना. मग घरी आल्यावरही मी गळपट्ट्या तुरपत बसले, धड बोलले नाही. पुढच्या खेपेला सुट्टी काढून मीच फिरवीन, असं सांग तिला.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी


दि. २ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू परत गेलीस आणि घर आणखीच रिकामं झालं. आईचा चष्मा अजून खिडकीतच आहे, उचलायचा धीर होत नाही.

ती गेल्यापासून तू एकच धरून बसली आहेस, की शेवटच्या भेटीत तिला एकटीला बसमध्ये कोंबलं आणि वर चारचौघांत बोललीस. म्हणून आज तिला दिलेला शब्द मोडतो. हे तुला कळू द्यायचं नाही असं तिनं बजावलं होतं.

पहिल्या फेरीत ती बस तुमच्या शिलाईखान्यासमोरच्या सिग्नलला थांबली. वरचा मजला बरोबर तुझ्या खिडकीच्या उंचीला. समोर तू, मशीनवर मान घालून. मग कसलं कारंजं आणि कसलं काय! उतरलं तर मागच्या बसमध्ये डावीकडची जागा मिळेल न मिळेल, म्हणून ती बसूनच राहिली. चारही वेळा तिनं हात केला. तू वर पाहिलं नाहीस. टाका चुकेल म्हणून तिनं हाक मारली नाही. दुसऱ्या फेरीत तू उभ्यानं डबा खात होतीस, एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात इस्त्री. ते तिला फार लागलं होतं. लेक उभ्यानं जेवते, हे मला तीन-तीनदा सांगितलं.

पण शहर कसं होतं विचारलं, तर म्हणाली, बघण्यासारखं होतं ते चारदा बघून आले.

आता रडून घे आणि मोकळी हो. तब्येतीला जप, आपण दोघंच उरलो आहोत.

तुझा,
दादा


दि. १९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पंधरा दिवस मशीनच्या खणात ठेवलं होतं. काल सुट्टी काढली. आई गेली तेव्हाची सोडली तर सहा वर्षांत पहिली. मालकांना वाटलं मी आजारी आहे.

तीच बस, वरचा मजला, डावी बाजू. सिग्नलला थांबलो. माझी खुर्ची रिकामी, मशीनवर झाकण. इतकं जवळ आहे रे, कापडावरची टाचणी दिसते! आईला माझे पांढरे केसही दिसले असणार. मी खुर्चीला हात केला. शेजारच्या मशीनवरच्या बाईंना वाटलं त्यांनाच केला, त्यांनी हसून उलट हात केला. त्यांनी एका नजरेत पाहिलं मला. मी एकदा मान वर केली असती तर!

पुढे अकरा थांबे आले, गेले. मी कुठेच उतरले नाही.

येत जा, लिहीत जा.

तुझी,
भिंगरी

ता. क. डबा आता बसून खाते. खिडकीकडे तोंड करून.