कोपऱ्यातल्या वाकळा

कोरेगाव, १२ जानेवारी २०२४

चि. सौ. संयोगितास,
अ. आ. वि. वि.

आज शुक्रवार. सकाळी पाणी आलं, भरून ठेवलं. दुपारी भाकरी-आमटी खाल्ली. फोनवर तू रडतेस आणि माझं सांगायचं राहतं, म्हणून लिहितो.

तुझ्या अक्काला, राहीला जाऊन दोन महिने झाले. गाणी ऐकायच्या खोलीत तिच्या भजनाची टेप लावतो. मृदंगाची थाप पडली की सगळी खोली घूं करते आणि तिचा आवाज त्याखाली जातो. पूर्वी असं नव्हतं. स्पीकर तेच, जागा तीच. पुढेमागे सरकवून पाहिले, आवाज कमी केला. फरक नाही. तुझा शिवतेज साउंडचं काम करतो, त्याला विचार. जमत नसेल तर खोलीला कुलूप लावतो. आता दम नाही.

माया आहे ती असू दे.
कृष्णात

सांगली, १८ जानेवारी

ती. दाजींना,
सा. न. वि. वि.

मी रडते म्हणून फोन बंद, हा न्याय बरा आहे.

शिवतेज म्हणतो, तुमची खोली दहा बाय दहा, उंचीही दहाच. सारख्या मापात एकच जाड सूर भिंतींमधून घुमत राहतो आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त साठतो. तिथं जाड, मऊ काहीतरी छातीइतकं उंच हवं. पडद्यांनी भागत नाही. खोलीतून अलीकडे काय काढलं, असं त्यानं विचारलं.

दाजी, अक्काच्या वाकळा. तिनं हातानं शिवलेल्या. "माझ्या खोलीच्या कोपऱ्यातला ढीग हलव," म्हणून वीस वर्षं तुम्ही तिच्या मागं लागलात. ती म्हणायची, "राहू दे हाय तिथं, तुमच्या गाण्याचं काय खातोय?" तेराव्याला तुम्हीच अकराच्या अकरा आम्हा बायकांना वाटून टाकल्यात. चार माझ्याकडं आहेत, बाकीच्या गोळा करते. तुमची पुतणी स्वप्नाली तेवढी द्यायची नाही. तिच्या बाळाच्या अंगाखाली आहे.

जेवत जा. आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.
संयोगिता

कोरेगाव, ४ फेब्रुवारी

चि. सौ. संयोगितास,
अ. आ. वि. वि.

शिवतेज परवा दहा वाकळा ठेवून गेला. चहालाही थांबला नाही, तुझ्यावर गेलाय. जुन्याच कोपऱ्यात रचल्या आणि टेप लावली. घुमणं पूर्ण गेलं नाही, पण थाप पडते आणि थांबते. मध्ये राही ऐकू येते. दुसऱ्या कडव्यात ती खोकते, मग पुन्हा धरते. हे मला माहीत नव्हतं.

ढीग हलव म्हणालो, त्याचं वाईट वाटतं. स्वप्नालीची मागू नकोस.

येणं-जाणं ठेव.
कृष्णात

ता. क. आज वाकळांना ऊन दिलं. मोठ्या वाकळेची घडी एकट्याला हातात धरून जुळत नाही. दुसरं टोक ती धरायची. मग फरशीवर पसरली आणि गुडघ्यावर बसून एका बाजूनं दुमडत नेली. दहाही झाल्या.