चादरींचं बटण रुसल्याबद्दल

तीर्थरूप मावशी,

तुझ्या पाया पडते. गुडघा कसा आहे? मलम लावतेस की नुसतीच डबी उशाशी ठेवून झोपतेस? मी अगदी खुशाल आहे. (वहिनी, सासूबाईंना हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधीच विनंती: कंसातलं मनात वाचा. मी खुशाल नाही. जेवणाचा डबा रोज तसाच घरी परत नेते.)

धुलाईच्या कारखान्यात माझं बरं चाललंय. तुला ते बटण आठवतं ना, ज्याचं कौतुक तू गल्लीभर सांगत फिरलीस? रुग्णालयांचे आणि हॉटेलांचे धुतलेले कपडे संगणकाच्या तक्त्यात भरायचे, बटण दाबायचं, की कुठला गठ्ठा कुठल्या गाडीत चढवायचा ते आपोआप मांडून येतं. बटणामागच्या त्या हुकमांना मॅक्रो म्हणतात आणि ते मी स्वतः लिहिलेत. (त्यातली एक ओळ काय करते ते मला ठाऊक नाही. काढली की सगळंच बंद पडतं, म्हणून राहू दिलीय.) त्याच बटणापायी मला घड्या घालायच्या टेबलावरून उठवून खुर्ची मिळाली. तर आता आमच्या संगणकावर नवी आवृत्ती चढवली, आणि तो एवढा सुधारला की मला ओळखेनासा झाला. बटण दाबलं की वर लाल पट्टी येते: ही फाइल अनोळखी ठिकाणाहून आली आहे, धोका संभवतो. अनोळखी म्हणजे मी! मीच ती मला मेलने पाठवली होती. मी बटण हळू दाबून पाहिलं, जोरात दाबून पाहिलं, संगणक बंद करून त्याला जरा विसावाही दिला. इस्त्रीवाले काका डोकावून म्हणाले, "काय ताई, रुसलं का तुमचं बटण? द्या एक थोबाडीत." तीही दिली. (मग वाईट वाटून पडदा पुसला.)

शेवटी याद्या हातानेच लावल्या. त्यात थोडे कपडे इकडचे तिकडे झाले, एवढंच. (शस्त्रक्रियेचे हिरवे झगे हॉटेलात गेले, कपाटात तो झगा पाहून एका पाहुण्याने खोली सोडली. हॉटेलचे मऊ पांढरे गाऊन रुग्णालयात गेले, ते आता पेशंट परत द्यायला तयार नाहीत. मॅनेजरसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "शनिवारपर्यंत बटण चालू करा, नाहीतर घड्यांच्या टेबलावर तुमची जागा आहेच." हे इतक्या गोड आवाजात म्हणाले की मी थँक्यू म्हटलं.)

मग संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे हो मॅडम. एक चौकट येईल, या फाइलवर विश्वास आहे का म्हणून. तिथे खूण करा, की झालं." चौकट सापडली. पण मावशी, फाइल लिहिणारी मी. माझ्यावर माझा विश्वास आहे, असं एकदम कसं लिहून द्यायचं? अख्खी दुपार माउस धरून बसले. पुन्हा फोन केला तर म्हणतो, "मॅडम, संगणक तुमच्या चारित्र्याची चौकशी करत नाहीये." पण त्याचीही खात्री नसावी, कारण त्याने लगेच फोन ठेवला.

बाकी सगळं ठीक. घरी सर्वांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. शनिवारच्या आत इकडे एक चक्कर टाकशील का? सहजच.

ता. क. दुसरा. सहज नाही. वहिनी, हे कंसात नाही, मोठ्याने वाचा. मावशी, माझी खुर्ची जायची वेळ आलीय. मला शाळेत घातलंस तेव्हा मास्तर म्हणाले होते, "या घरातलं कुणी शाळेत टिकलेलं नाही, हिची खात्री कोण देणार?" तू कागदावर काय लिहिलंय ते न विचारता अंगठा उठवलास. इथेही तेवढंच करायचंय. चौकट मी दाखवीन, खूण तू कर. वाचता यायची गरज नाही. वाचता येणं हाच इथे घोटाळा आहे.

(वहिनी, मलमाची डबी पिशवीत टाका. आणि त्या एका ओळीबद्दल तिला काही सांगू नका. नाही, सांगाच, लपवणं बरं नव्हे. पण खूण करून झाल्यावर सांगा.)