ओतिलियाला जाणवलेले धक्के

कोंबार्बाला,
१६ एप्रिल १९७२

ती. एर्मिनियाताईस,
लेओन्सियोचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले. ओतिलियाने लगेच पायांत चढवले, कारण एप्रिल लागला, हिवाळ्याची थंडी पडू लागलीय आणि ती अजून अंगणातच झोपते. गेल्या जुलैतल्या भूकंपात मागच्या खोलीची मातीची भिंत तिच्या आईच्या अंथरुणावर कोसळली, तेव्हापासून तिने घरात पाऊल टाकलेलं नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली ताडपत्री बांधलीय. तिथेच चूल, तिथेच खाट. जेवायला मी तिच्याजवळ असतो, झोपायला आत येतो. लोक आता शिवायच्या कपड्यांची मापं द्यायला आले की आधी अंगणात डोकावतात आणि मगच माझ्याकडे वळतात.

जमीन अजून हलते, असं ती रोज सांगते. मला काही कळत नाही, शेजारच्या बाउदिलिओलाही नाही. डॉक्टर म्हणाले की जमीन केव्हाच निवली, थरथरतायत त्या बाईंच्या नसा.

म्हणून मी एक यंत्र करतोय. जुन्या मासिकात कृती सापडली. पत्र्याच्या शेडमध्ये खडक लागेपर्यंत खणून खांब रोवला आणि त्याला फाटकासारखा आडवा दांडा तारेने टांगला. दांड्याच्या टोकाला वजन. जमीन हलली की खांब हलतो, पण वजन आळशी, ते जागचं उठत नाही. तो फरक सुई कागदावर ओढते. वजन म्हणून माझी कोळशाची मोठी इस्त्री टांगलीय, आणि दांड्याचं खांबाकडचं टोक फिरतं ते शिवताना बोटात घालायच्या माझ्या टोपीत, अंगुस्तानात. कागदावर कंदिलाची काजळी धरायची, तो डब्याला गुंडाळायचा आणि डबा गजराच्या घड्याळाने फिरवायचा. रेघ सरळ आली की ओतिलियापुढे धरीन. म्हणेन, बघ, जमीन झोपलीय, आता तूही आत चल.

भावावर तुझी माया आहेच, त्याच्या इस्त्रीवरही असू दे.

तुझा लेओन्सियो


पुंता अरेनास,
७ मे १९७२

चि. लेओन्सियोस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. लहानपणी तू आईचं घड्याळ खोललंस, ते तिला पुन्हा कधी दिसलं नाही. आता गिऱ्हाइकांच्या पँटी बिनइस्त्रीच्या जातात का, तेही कळव. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू आलं नाही. बाईमाणूस हिवाळ्यात ताडपत्रीखाली, हे बरं नव्हे.

तिला माझ्याकडे पाठव. मागची खोली रिकामीच आहे. इथे वारा माणसाला रस्त्यात आडवा करतो, पण जमीन आपली गप्प असते. वर्षभर राहू दे, मन थाऱ्यावर येईल. तू एकटा राहशील, हे मलाही दिसतंय. पण तिचं डोकं कायमचं बिघडलं तर काय करशील?

आणि एक विचारू? रेघ सरळ आली नाही तर?

दोघांना मायेने जवळ घेते, इतक्या लांबून जमेल तसं.

एर्मिनियाताई


कोंबार्बाला,
४ जून १९७२

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या त्या एका प्रश्नाने माझी झोप उडवली.

सुरुवातीला यंत्राने छळलं. एकदा हललं की झोके थांबेनात. कागद नुसता करवतीसारखा. मग दांड्याला पत्र्याचं पातं जोडून ते तेलात बुडवलं. स्वयंपाकाच्या तेलासाठी रांगा आहेत, म्हणून बाउदिलिओच्या ट्रकमधलं जळकं तेल मागून आणलं. आता वजन एकदा झुलतं आणि निवांत होतं. मी पाय आपटून पाहिले, बाउदिलिओने ट्रक मागेपुढे केला, मांजर दांड्यावर चढली. ट्रकची रेघ बारीक आणि दाट येते, मांजरीची कशीही. दोन्ही ओळखायला शिकलो.

त्यानंतर शेडला कडी घालून वाट पाहिली. ताई, रेघ सरळ नाही. एकदम उसळी, मग उतरत जाणारी शेपटी, असे धक्के कागदावर रोज येतात. ना ट्रक, ना मांजर.

परवा सकाळी मी सुईपाशी बसलो होतो. दाराच्या फटीतून अंगण दिसतं. ओतिलिया घेवडा सोलत होती. तिचा हात मध्येच थांबला आणि तिने तळवा जमिनीवर टेकवला. मी वळून पाहिलं तर सुई नुकतीच उसळली होती. दुपारी पुन्हा तसंच. मला काही म्हणजे काहीच जाणवलं नव्हतं.

आता सांगू कसं? जमीन शांत आहे हे दाखवायला यंत्र केलं आणि ते म्हणतं, नाही. हे ऐकून ती अंगणातही राहायची नाही, असं वाटतं. डॉक्टरांनी ओवाय्ये शहरातल्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिलीय. तिथे तिला गुंगीत ठेवतील. ती तयार झालीय. म्हणाली की सगळे म्हणतात तर माझंच डोकं फिरलं असेल. लग्नाच्या वीस वर्षांत ती इतक्या हळू बोलली नव्हती.

लवकर लिही. या वेळी ओरडलीस तरी चालेल.

लेओन्सियो


पुंता अरेनास,
१३ जून १९७२

चि. लेओन्सियोस आशीर्वाद.

मोठं पत्र लिहीत नाही. तिला आजच्या आज शेडमध्ये ने आणि कागद दाखव. जमिनीला घाबरून ती मरणार नाही. आपण तिला खोटी ठरवतो, त्याने ती खचत चाललीय. मीही तिला डोकं बिघडलेली म्हटलं, ते शब्द मागे घेते. डॉक्टरांची चिठ्ठी चुलीत घाल.

आशीर्वाद भरपूर, पण आधी ऊठ.

ताई


कोंबार्बाला,
९ जुलै १९७२

ती. वन्संना ओतिलियाचा कृ. सा. न. वि. वि.

या वेळी ह्यांच्याऐवजी मीच लिहितेय. ह्यांनी तुमचं पत्र खिशातून काढलं, माझ्या हातात दिलं आणि शेडकडे चालायला लागले. दारात माझे पाय अडले. वर पत्राच आहे, माती नाही, असं ह्यांनी दोनदा सांगितलं. मग मी आत गेले.

ह्यांनी कागद उलगडला. म्हणाले, ही उसळी तू घेवडा सोलत होतीस तेव्हाची, ही दुपारची. मला खरं वाटेना. नवरा दयेपोटी काय वाटेल ते करतो, इस्त्रीसुद्धा टांगतो. म्हणून मी अट घातली. मी अंगणात पातेलं घेऊन बसणार, धक्का जाणवला की त्यावर पळी मारणार. ह्यांनी आत कागदावर खूण करायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आठवडाभर तेवढंच केलं. गिऱ्हाइकं वैतागून गेली.

खुणा आणि उसळ्या शेजारी शेजारी पडल्या. एकदा मी ट्रकला फसले. आणि एकदा सुई बराच वेळ संथ झुलत राहिली, मला मात्र काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओवर सांगितलं की दूर उत्तरेकडे मोठा भूकंप झाला. म्हणजे यंत्र माझं मन राखायला हलत नव्हतं. तो कागद पाहून मला रडू फुटलं. वर्षभर मी आईसाठीसुद्धा धड रडले नव्हते. स्वतःच्या डोक्यावर पहारा ठेवण्यातच सगळी ताकद जात होती.

डॉक्टर येऊन गेले. कागद उलटा धरला, सुलटा धरला, नसांबद्दल काही बोलले नाहीत. जाताना ह्यांना हळूच विचारलं की दवाखान्यातली मातीची भिंत पाडावी का. पाडा, असं मीच सांगितलं.

तुमची खोली नको, वन्सं, पण ती देऊ केलीत हे विसरणार नाही. घरातही मी जाणार नाही. ह्यांनी समजूत घालणं सोडलंय आणि कागद दाखवला त्याच रात्री स्वतःची खाट उचलून ताडपत्रीखाली आणली. घोरतात, हे मी विसरले होते. बाउदिलिओने फळ्या आणल्यात. मांडवापाशी लाकडाची खोली उभी राहतेय, वर पत्रा. आईच्या अंथरुणावर पडलेली माती आम्ही दोघांनी मिळून उचलली. परवा तिच्या कबरीवर जाऊन बसले.

भीती वाटते, खोटं कशाला सांगू. आत्ता हे लिहितानाच खालून एक हिसका आला, पेन सरकलं. मी ते पुन्हा ओळीवर आणलं. तेवढ्यात ह्यांनी शेडमधून हाक मारली. ट्रक होता की खरा धक्का, सुईवरून ह्यांना ठरवता येत नाहीये. मला काय वाटतं, ते विचारतायत.

खरा होता, असं सांगून येते.

आमच्यावर जीव ठेवता तसाच ठेवा आणि उन्हाळ्यात राहायला या.

तुमची ओतिलिया