एक ते चार

सर,

आज हिंजवडीच्या ऑफिसात एका नवीन मुलीने विचारलं, "मॅम, टाइमली आणि ऑपॉर्च्यून सेमच ना? क्लायंटच्या मेलमध्ये कुठला टाकू?" सकाळपासून प्रत्येकजण मला काही ना काही विचारतच होता, जीव अगदी विटला होता, तरी तोंडातून तुमचंच उत्तर निघालं. टाइमली म्हणजे वेळेत झालेलं, उशीर न झालेलं. ऑपॉर्च्यून म्हणजे आपल्या कामाला नेमकी सोयीची वेळ. हा शब्द माणसापेक्षा क्षणाला शोभतो. तुमचा मंडईचा दाखलाही मी दिला. सकाळी जाल तर भाजी ताजी, मंडई उठताना जाल तर स्वस्त. त्यातली ऑपॉर्च्यून वेळ कुठली, हे तुम्हाला काय हवंय त्यावर ठरतं. ती म्हणाली, "ओके, टाइमलीच टाकते," आणि गेली.

तुमचा नियम मात्र मी तिला सांगितला नाही. नव्या शब्दाचं वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं, पुस्तकातलं चालणार नाही. नववीत मी ऑपॉर्च्यून या शब्दासाठी डिक्शनरीतला सेनापती उतरवून आणला होता, योग्य क्षणी हल्ला करणारा. तुम्ही वही हातात घेऊन सगळ्या वर्गासमोर विचारलंत, "आपल्याकडे सैन्य आहे हे ठाऊक नव्हतं. सदाशिव पेठेत ठेवता कुठे?" वर्ग हसला, मला रडू आलं. वहीत लाल शाईने लिहिलं होतं, वाक्य बरोबर, पण तुझं नाही, मिळेल तेव्हा आणून दाखव. त्यानंतर लग्नकार्यात, रस्त्यात, जिथे भेटाल तिथे तुम्ही एवढंच विचारायचात, "मिळालं का वाक्य?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

मग एक दिवस तुमच्या मुलीचा फोन आला. "बाबांचं काही खरं नाही गं. तुझी आठवण काढतात, जमेल तशी येऊन जा." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पेरू घेतले, आणि ट्रॅफिकमधून तुमच्या दारात पोचले तेव्हा दोन वाजले होते. दारावर तुमच्याच वळणदार अक्षरातली पाटी. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, वाजवल्यास दार उघडले जाणार नाही. मी बेलपर्यंत नेलेला हात खाली घेतला. आपल्या गावात वाढलेलं माणूस घराला आग लागली तरी त्या पाटीसमोर चारपर्यंत थांबेल. मी तेवढीही थांबले नाही. रविवारी निवांत येऊ म्हटलं आणि जिना उतरले. शुक्रवारी तुम्ही गेलात.

तेराव्याला तुमची मुलगी पानं वाढताना म्हणाली, "ती पाटी काढायचीच राहिली बघ. दोन महिने बाबांना दुपारची झोप नव्हती. दाराकडे तोंड करून बसायचे, कोणी येतंय का बघत." मी मान खाली घालून जेवत राहिले. मी येऊन गेले होते हे तिला तेव्हाही सांगितलं नाही, आजही माहीत नाही. घरी येऊन खूप रडले आणि सगळा दोष पाटीला दिला. इतकी वर्षं तो तसाच देत आले आहे, आणि आता त्याचाही कंटाळा आलाय.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी पाटी वाचून मला वाईट वाटलंच नव्हतं. हायसं वाटलं होतं. अंथरुणाला खिळलेले तुम्ही मला बघवणार नव्हतात, आणि तशा अवस्थेतही तुम्ही वाक्य विचाराल याची धास्ती होती. मला काय हवं होतं ते आता कळतंय. त्या दुपारी दोनची वेळ माझ्यासाठी अगदी ऑपॉर्च्यून होती.

हे वाक्य माझंच आहे, सर.