खिशापुरतं पिस्तूल

चि. व्हर्लिनला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझी साखर आटोक्यात आहे ना? फ्लोरिडात तुम्ही लोक संत्र्याचा रस पाण्यासारखा पिता म्हणे, म्हणून विचारलं. इकडे केंटकीत माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. घेवडा मांडवावर चढलाय, कोंबड्या अंडी देताहेत. आता मुद्द्यावर येते, कारण गेले दोन महिने मी जे निस्तरते आहे ते तुझंच आहे. ईस्टरच्या जेवणाला माझी लेक जोनेल म्हणाली, की बाबा गेल्यावर आईने डोंगराच्या या घळीत एकटीने राहू नये, घर विकून लेक्सिंग्टनला माझ्याकडे यावं. त्यावर तू, माझा सख्खा भाऊ, तोंडात हॅमचा घास धरून म्हणालास, "राहू दे गं तिला. खिशात एक छोटं पिस्तूल ठेवायला लाव म्हणजे झालं." (घास गिळून बोलायची सवय तुला आईनेही लावली नाही.) जोनेलने ते वाक्य जे उचललं ते उचललंच. तिची अट अशी: शेरीफची गाडी आमच्या वळणापर्यंत यायला पाऊण तास लागतो, तेव्हा मे महिन्यात सगळे कबरींवर फुलं घालायला जमतील तोवर आई पिस्तूल बाळगायला शिकली तर ठीक, नाहीतर घराला विक्रीची पाटी लावायची.

हर्शेल गेला तरी घरात त्याच्या चार बंदुका आहेत, पण एकही एप्रनच्या खिशात मावत नाही. म्हणून एस्टिलच्या दुकानात गेले. (पुढच्या अर्ध्या भागात मासे धरायची गांडुळं, मागच्या अर्ध्या भागात बंदुका. दोन्हींचा वास आता एकच झालाय.) एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढल्यामुळे या तालुक्यातले निम्मे पुरुष मी त्यांनी ताटात काय टाकलं त्यावरून ओळखते. एस्टिल वाटाणे दुधाच्या खोक्यात लपवायचा. असा माणूस गिऱ्हाइकाला पहिल्यांदा गुलाबी पिस्तूल दाखवणार, यात नवल नाही. मी विचारलं, हे झाडायचं आहे की बारशाला न्यायचंय? त्याने ते मुकाट्याने कपाटात ठेवलं.

दुसरं होतं साबणाच्या वडीसारखं चपटं. दिसायला गोड, पण गोळी आत सरकवायला त्याचा वरचा लोखंडी भाग मागे ओढावा लागतो, आणि माझी बोटं तर हल्ली लोणच्याच्या बरणीलाही हार जातात. एस्टिल म्हणाला, "बाई, नुसत्या हाताने नका ओढू, कंबरेचा जोर लावा." मी कंबरेचा जोर लावला. लोखंड जागचं हललं नाही, कंबर मात्र दोन दिवस जागेवर आली नाही. मग त्याने एक रिव्हॉल्व्हर काढलं, पिसासारखं हलकं, खिशात टाकलं तर कळणारही नाही असं. मला ते पाहताक्षणी आवडलं. दुकानामागे टेकडीच्या कापात त्याने मला एक गोळी झाडू दिली, आणि व्हर्लिन, आजोबांच्या खेचराने मला लाथ मारली होती त्यानंतर इतका अपमान मी सहन केलेला नाही. एस्टिल शांतपणे म्हणाला, "हत्यार जितकं हलकं तितकं ते जास्त लाथाडतं, बाई." मी म्हटलं, हे आधी सांगायला तुझी जीभ झडली होती का? तर म्हणतो, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?" आता खरं आहे ते खरं आहे.

रविवारी चर्च सुटेपर्यंत बातमी गावभर झाली होती. आपल्याकडे बायका जशा लोणच्याची कृती सांगतात तशी पुरुषमंडळी पिस्तुलं सांगतात. प्रार्थना संपल्यावर गाड्यांच्या तळावर प्रत्येकाने आपापलं रिकामं करून ट्रकच्या फळीवर मांडलं. ज्याचं त्याचं उत्तम, आणि दुसऱ्याचं म्हणजे ज्याने कुणाच्या तरी चुलतभावाचा अंगठा उडाला ते. माझी मैत्रीण इमोजीन अकरा वर्षं पर्समध्ये पिस्तूल बाळगते हे मला त्याच दिवशी कळलं. तिला स्वतःलाही त्याचा विसर पडला असावा, कारण वितळलेल्या पेपरमिंटमध्ये ते इतकं रुतलं होतं की उपसायला लोण्याची सुरी लागली. म्हणूनच एस्टिलने मला बजावलं, पिस्तुलाच्या खिशात दुसरं काही नको, रुमालसुद्धा नको. आणि ते पडायला लागलं तर पडू द्या, धरायला जाऊ नका. घाईत बोट नेमकं चापावर जातं.

शेवटी मी पोलादी, पाच गोळ्यांचं, चांगलं वजनदार रिव्हॉल्व्हर घेतलं. ते लाथाडत नाही, फार तर ढकलतं. चौथ्या खेपेला सात पावलांवरून कागदी थाळीत पाचपैकी पाच गोळ्या बसल्या. ती थाळी मी फ्रिजच्या दारावर लावली आहे. (स्वतःचं कौतुक नको, पण तुझा नेम एवढा धड नाही.) आता राहिला खिसा. बायकांच्या पँटचे खिसे शिवणाऱ्याला वाटतं बायकांजवळ ठेवण्यासारखं काही नसतंच. म्हणून हर्शेलच्या शिकारीच्या जुन्या कोटाचा जाडा खिसा उसवला आणि माझ्या चर्चच्या पँटला आतून शिवला. दुहेरी टाके घातले. खिसा म्हणजे बुलंद झाला. कंबरेच्या इलॅस्टिकचा विचार मात्र माझ्या मनाला शिवला नाही.

कबरींच्या दिवशी सगळं गाव डोंगरावरच्या दफनभूमीत होतं, जोनेलसुद्धा. फुलं वाहून झाली, पाद्रींनी भजन सुरू केलं, आणि मी दोन्ही हातांनी केळ्याच्या पुडिंगचं मोठं भांडं घेऊन जेवणाच्या टेबलांकडे निघाले. हर्शेलच्या कबरीपाशी पोचते तोच खिशाने इलॅस्टिकला हरवलं. आता तूच सांग, मी काय करायचं होतं? भांडं टाकलं असतं तर चाळीस माणसांचं पुडिंग गेलं असतं, आणि एकतीस वर्षांत मी एक भांडं टाकलेलं नाही. खाली हात घालावा, तर पडत्या पिस्तुलाला धरू नये ही एस्टिलची ताकीद. मी दोन्ही नियम पाळले. पँट घोट्यांशी, पिस्तूल चामडी कव्हरात सुखरूप, पुडिंग छातीशी. पुरुषांनी एकजात टोप्यांत तोंडं घातली. इमोजीनने टेबलावरचं कापड ओढून मला गुंडाळलं (चटणीच्या दोन बरण्या गेल्या). भजन थांबलं नाही, एवढं मात्र पाद्रींना मानलं पाहिजे.

जोनेल आधी हसली. इतकी हसली की बापाच्या दगडाला टेकून खाली बसली, आणि मग तिथंच रडायला लागली. मी म्हटलं, अगं, पाचपैकी पाच बसल्या, थाळी दाखवते. ती म्हणाली, "आई, चोराचं मला काय आहे? बाबा खळ्यात चार तास पडून होते. कुणाला पत्ता नव्हता." मी तिला पुडिंग वाढलं.

तरी शब्दाला ती पक्की आहे. वर्षभर विषय काढणार नाही म्हणाली. तेव्हा तुझी युक्ती फळली असं समज, आणि गोड कमी खा.

तुझी थोरली बहीण,
डेल्फिया

ता. क. पिस्तूल सध्या खुंटीवरच्या एप्रनमध्ये असतं. पँट खांद्यांवरून धरून ठेवणारे हर्शेलचे पट्टे लावून पाहिले, पण त्यांनी पँट बगलेपर्यंत येते.

आणखी ता. क. मार्चमध्ये मी स्वयंपाकघरात घसरून पडले होते. दोन तास फरशीवर होते, मग टेबलाचा पाय धरून उठले. हे कुणालाही सांगितलेलं नाही. खिशातल्या पाच गोळ्या त्यावर काही करू शकत नाहीत, हे मला जोनेलच्या आधीपासून ठाऊक आहे. तिला मी सांगेन, पण सोबत काहीतरी सोय सांगता आली पाहिजे, नाहीतर ती त्याच संध्याकाळी ट्रक घेऊन येईल. म्हणून तू मला रोज सकाळी सात वाजता फोन करत जा. मी उचलला तर काय कटकट आहे म्हणून दोन शब्द सुनावीन, ते ऐकून घे आणि ठेव. नाही उचलला, तर इमोजीनला लाव. तिच्याजवळ माझ्या घराची किल्ली आहे.