पाटीवरचा भूतकाळ

सोमवार, २ तारीख

लागली! नोकरी लागली एकदाची. कर्तबगार स्त्रियांचं संग्रहालय, आणि मी तिथली पाटीलेखिका. प्रत्येक कपाटाखाली एक पितळी पाटी, तिच्यावर त्या बाईंचं कर्तृत्व. त्या ओळी आता माझ्या. वीस वर्षं दुसऱ्यांची मुद्रितं तपासून डोळ्यांचं वाटोळं झालं, आता जरा स्वतःचं लिहीन. टेबल खिडकीशी आहे. खुर्ची करकरते, पण चालेल. प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. फार मऊ बोलतात, चहासुद्धा स्वतः ओततात. पाट्या बसवणारे सुतारकाका मात्र कायम मूग गिळून.

आईला फोन केला. म्हणाली, बघ हं काना-मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ चुकलीस तर सगळं गाव वाचेल. ‘काना-मात्रा’ हे माझं लाडकं नाव तिनंच ठेवलंय. चुकेन कशाला? तिच्याच वर्गात शिकले मी.

बुधवार, ४

मोठ्या बाईंनी माझ्या मजकुरावर लाल शाई चालवली! उद्या एका शल्यविशारद बाईंचा सत्कार आहे. मी लिहिलं होतं, ‘त्यांचा हात कधी थरथरत नाही.’ यांनी केलं, ‘थरथरत नसे.’ मी भांडले. बाई ठणठणीत आहेत, रोज ऑपरेशनं करतात, मग ‘नसे’ कशाला? हसून म्हणाल्या, संग्रहालयाला भूतकाळच शोभतो.

जेवणाच्या सुट्टीत सातही दालनं फिरून आले. खरंच की. गात असत, पोहत असत, होत्या, होत्या, होत्या. असो. त्यांचं घर, त्यांचं व्याकरण.

शुक्रवार, ६

काल काकांनी पाटीचा चौथा स्क्रू आवळला, टाळ्या झाल्या, आणि शल्यविशारद बाईंच्या हातातला चहा त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर सांडला. त्यांनी एका हातानं दुसरा धरला, तर दोन्ही कापायला लागले. सगळे हसले. सत्काराला भल्याभल्यांचे हात कापतात म्हणे. मीही हसले. आज कळलं, सकाळचं ऑपरेशन त्यांनी अर्ध्यात दुसऱ्याकडे दिलं. वय झालं असेल.

आणि आनंदाची बातमी! शिक्षिकांच्या दालनात एक कपाट रिकामं आहे, मोठ्या बाईंनी मलाच नाव सुचवायला सांगितलं. आई! दुसरं कोण? चाळीस वर्षांतलं एकेक मूल तिला नावानिशी आठवतं. पिकल्या केसांची माणसं दारात येतात आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत आई नाव घेते.

मंगळवार, १०

आईची पाटी झाली. ‘तीन हजार विद्यार्थी त्यांना नावानिशी आठवत असत.’ या वेळी लाल शाई लागलीच नाही, भूतकाळ आपसूक उतरला. मग मनाला टोचायला लागलं. दोन वर्षं मीही तिच्या वर्गात होते, मला कोण मोजणार? खोडून केलं, ‘तीन हजार एक’. काटेकोरपणा हा माझा जुनाच आजार. आईला सांगितलं तर खो-खो हसली. म्हणाली, घुसवलंसच का स्वतःला!

गुरुवार, १२

आज गिर्यारोहक बाई. पाटी: ‘त्यांना उंचीचं भय वाटत नसे.’ चौथा स्क्रू आवळला, आणि त्या दुसऱ्या मजल्यावरून खाली येईनात. कठडा धरून बसल्या, डोळे मिटून लहान मुलासारख्या रडत होत्या. दोघा पहारेकऱ्यांनी उचलून आणलं. मोठ्या बाई टाळ्या वाजवतच राहिल्या.

काका पहिल्यांदा बोलले. म्हणाले, पाटी लागते तसा एकेका स्क्रूसरशी गुण जातो, तो इथल्या कपाटात येतो. मी म्हटलं, काहीतरीच काय. मग ते खाली मान घालून म्हणाले, ताई, तुमच्या आईची सकाळीच लावली.

शुक्रवार, १३

घरी गेले. आईनं दार उघडलं. हसली. या, बसा म्हणाली. कोण हवंय तुम्हाला, म्हणाली.

तुम्हाला.

ताटलीत ठेवून पाण्याचा ग्लास आणला, परक्यांना देतात तसा. मी सांगितलं, अगं मी काना-मात्रा. तर म्हणाली, छान नाव आहे हो. कुणी ठेवलं?

मीच लिहिलं. मीच मोजलं. हात झडले असते तर बरं.

सोमवार, १६. सकाळी

पाटी उखडली. काही उपयोग नाही. मोठ्या बाई रागावल्या नाहीत. चहा ओतला. म्हणाल्या, नवी पाटी लावा की, वर्तमानकाळात. कुणी अडवलंय? फक्त जिनं आधीची लिहिली तिनंच लिहायची, आणि चूक एकही नको, नाहीतर ती लागू होत नाही. मग म्हणाल्या, त्याआधी दुपारी तुमचा सत्कार आहे.

दुपारी — दार बाहेरून लावलंय. कोरी पाटी कुणी आणलीच नाही. वहीवर लिहिते, काकांनी चालेल म्हटलंय —

माझी पाटी आई लिहितेय. समोरच्या टेबलावर. मोठ्या बाईंनी बोलावलं तिला, अक्षर सुंदर म्हणून. लिहून मला दाखवली. विचारते, बरोबर आहे ना हो? ‘त्या एकही अक्षर चुकत नसत.’ बरोबर आहे. एकही चूक नाही.

काका रडतायत. पहिला स्क्रू —

एकच ओळ. आईला मी आठवायला हवी. एवढीच. आता खाली नीट —

दुसरा —

आईला तीची मूलगी — नाही. ती. ऱ्हस्व? दीर्घ? आई, सांग ना —

तिसरा

आइला तीचि मुल

ति हसतेय टाळया वाजवतेय माझयासाठि

आइ ला ति चि म