आत गेलेल्या बायका

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचा अ. आ. फोनवर कोण कान लावून बसतं देव जाणे, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस, दोन यत्तांत एवढंच येतं.

गल्लीच्या तोंडाशी तुमच्या पोलीस चौकीने कॅमेरा टांगला. हद्दीपलीकडून कोणी शिरू नये म्हणून, म्हणे. दूधवाला खूश, त्याची सायकल आता जागेवर सापडते. बायका मात्र कपडे घरातच वाळत घालतात, घरं सगळी कुबट. माझे परकर बघून कोणाचं भलं होत असेल तर होवो.

पण समोरच्या हवालदाराची बायको माझ्याकडे आली होती. सगळ्या पोटुशी सुईणीकडे येतात तशीच. पाचवा महिना, आणि पाठीवर वळ. संध्याकाळी नवऱ्याने चौकीतून फोन करून विचारलं, दुपारी म्हातारीकडे कशाला गेली होतीस. तेव्हापासून ती दार उघडत नाही. तो तुझ्या शेजारीच पडद्यासमोर बसतो ना? कॅमेऱ्याचं तोंड जरा फिरव.

लोभ आहेच, अक्कलही असू दे.
आजी

दि. ९ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि. तोंड फिरवणं माझ्या हातात नाही, नोकरी जाईल. तो शेजारी बसतो, डबाही वाटून खातो. साहेब म्हणतात, ज्याने काही केलं नाही त्याने कशाला भ्यावं. मीही तेच म्हणत आले. काल तू कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवलीस तेव्हा सगळी खोली हसली, तो सोडून. तुझं परसदार मात्र इथे दिसत नाही, एवढं कळवते.

रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.
भिंगरी

दि. १३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ. जीभ त्याच्यासाठीच होती.

नोकरी ठेव, पोटाला लागते. मी ओट्यावर गोधडी शिवायला काढलीय, सगळी गल्ली बोलावली. शिंपीण म्हणाली, म्हातारीला आता पांघरूण किती लागणार. हवालदाराच्या बायकोलाही सासूने धाडलं. सगळ्याच जातात म्हटल्यावर नाही कशी म्हणेल? कोणी दोऱ्याला आत जाते, कोणी पाण्याला. सोमवारी तिचा भाऊ परसदारी गाडी आणतोय. माहेरी पोचेपर्यंत बोभाटा नको. ती आत गेलेली तुला दिसेलच. बोलायचं की नाही, ते तुझं तू बघ.

काहीही केलंस तरी नात माझीच.
आजी

दि. १९ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि. सोमवारी तुझा ओटा माझ्या पडद्यावर होता. बायकांनी गोधडीची घडी केली, आपापल्या घरी गेल्या. एक कमी होती. शेजारून त्याने विचारलं, आमची गेली का गं घरी. मी म्हटलं, हो, सगळ्यांबरोबर गेली.

मग तो उठून चहा घेऊन आला, माझ्यासाठीही. मी प्यायले, आजी.

आशीर्वाद असू दे, आता लागेल.
भिंगरी